नकल मिटला, पण लॉक बसले का? मालडब्यांच्या कपलरवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

मेकॅनिकल डिप्लोमा करून रेल्वेत कनिष्ठ अभियंता म्हणून निवड झाली आणि कॅरेज अँड वॅगन (डब्यांची देखभाल करणारी) शाखा वाट्याला आली, तर पहिल्याच आठवड्यापासून ‘सीबीसी’, म्हणजेच सेंटर बफर कपलर, हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतो. पुस्तकात त्याला स्वयंचलित म्हटलेले असते. दोन डबे एकमेकांवर हलकेच आले, निदान एका बाजूचा नकल (वळणारा पोलादी जबडा) उघडा असला, की तो मिटतो आणि आतले लॉक स्वतःच्या वजनाने खाली पडते. हे खरेच आहे. मात्र लॉक पडले की नाही, याची खात्री माणसालाच करावी लागते, आणि शिकाऊ काळातला माझा बराचसा वेळ हे कळण्यात गेला.

विदर्भातल्या एका यार्डात कोळशाचा 58 डब्यांचा रिकामा रेक (एकत्र जोडलेल्या डब्यांची रांग) तपासत असताना मी प्रत्येक जोड वरून बघून पुढे जात होतो. मागून येणारे मिस्त्री एका जोडापाशी थांबले आणि म्हणाले, “साहेब, तोंड मिटलं म्हनजे कुलूप लागलं असं नसते. खाली वाका.” बॅटरीचा झोत कपलरच्या पोटाखाली टाकला, तर लॉकचा पाय पुरता खाली उतरलेला नव्हता, कोळशाच्या भुकटीने तो मध्येच अडला होता. पहारीचा एक ठोका बसताच ‘ठण्’ असा आवाज होऊन लॉक जागेवर गेले. तो जोड तसाच राहिला असता तर पहिल्या मोठ्या हिसक्याला गाडीचे पार्टिंग (जोड सुटून दोन तुकडे) होऊ शकले असते. त्यामुळे नजर, हँडल (बाजूने लॉक उचलून कपलर सोडवणारा दांडा) आणि शेवटी इंजिनाने किंचित ओढून घेतलेली खात्री, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय जोड पक्का मानू नये. आतल्या भागांना तेल पाजण्याचा मोहही टाळावा, कारण तेलावर धूळ चिकटते आणि मग लॉक आणखीच अडते.

उंचीचे आकडे पाठ असू द्यावेत: ब्रॉडगेजवर रुळापासून कपलरची उंची रिकाम्या डब्याला जास्तीत जास्त 1105 मिमी आणि भरलेल्याला कमीत कमी 1030 मिमी. रिकाम्या डब्याला भरलेला डबा जोडताना हा फरक डोळ्यांनाही दिसतो. नकल जाणूनबुजून साखळीतला कमजोर दुवा ठेवलेला असतो; तो तुटला तर बदलता येतो, पण कपलरचे मुख्य अंग तुटले तर डबाच बाजूला काढावा लागतो. तरीही एकेक नकल तीस किलोंहून जड असल्याने तो एकट्याने उचलण्याची हौस करू नये.

नवख्यांना आणखी एक गोष्ट चकवते: कपलर आपोआप जुळतो, पण ब्रेकच्या हवेचे होज पाइप (लवचीक नळ्या) नव्हेत. ते हातानेच जोडून कॉक उघडावे लागतात आणि ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटीमीटरला 5 किलोचा दाब धरावा लागतो. त्यासाठी दोन डब्यांच्या मध्ये शिरण्यापूर्वी रेकला संरक्षण (तो कोणी हलवू नये यासाठीची खूण) लावले आहे याची खात्री करून घ्यावी. वळणावर कपलर तिरका झाला म्हणून चालत्या शंटिंगमध्ये तो पायाने सरळ करू पाहणे हा शुद्ध अविचार आहे. एली जॅनी यांनी 1873 मध्ये पेटंट घेतलेली नकलच्या कपलरची रचना अमेरिकेत 1893 च्या कायद्याने मार्गी लागली, ती डब्यांच्या मध्ये उभे राहून जोडणी करणाऱ्यांची बोटे आणि प्राण जात होते म्हणून. युरोपात अजूनही बहुतेक मालडबे स्क्रू कपलिंगनेच (हाताने पिळून घट्ट करायच्या जोडणीने) जोडले जातात. तिथे आता हवा आणि वीजही एकत्र जोडणाऱ्या डिजिटल कपलरवर काम चालू आहे.

पहिल्या महिन्यात सिक लाइनवर (नादुरुस्त डबे दुरुस्त करण्याच्या मार्गावर) एखादा निकामी कपलर मागून घ्यावा आणि तो खोलून पुन्हा जोडावा. पिन, नकल, लॉक, थ्रोअर यांचा क्रम हाताला कळला की चित्रांची गरज उरत नाही. थ्रोअर आत ठेवायचा राहिला, तर हँडल कितीही फिरवले तरी नकल बाहेर फेकला जात नाही. पहिल्या वेळी मी नेमका तोच विसरलो होतो.