विशेष मुलांच्या वर्गात रसायनशास्त्र शिकवताना

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवायला नव्याने आलेले शिक्षक हमखास विचारतात, यांना रसायनशास्त्र कशाला? माझं उत्तर साफसफाईच्या कपाटापासून सुरू होतं. संडास धुण्याचं आम्ल आणि ब्लीच एकत्र झालं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. उद्या आपली खोली आपणच आवरणाऱ्या मुलाला हे ठाऊक असायलाच हवं. अणूची रचना नाही आली तरी त्याचं काही अडणार नाही.

म्हणून आधी अभ्यासक्रमाला कात्री लावा. संयुजा, समीकरणं बाजूला ठेवा. डोळ्यांना दिसेल, हाताला जाणवेल तेवढंच घ्या: बर्फ वितळतो, पाण्यात दिसेनासं झालेलं मीठ पाणी आटवलं की परत मिळतं, लिटमसचा रंग बदलतो, दोन पदार्थ मिसळले की कधी कधी वायू निघतो. एका तासाला एकच कल्पना, आणि पुढचे काही तास तीच, फक्त सामान बदलून.

वायूसाठी तो प्रसिद्ध ज्वालामुखीचा प्रयोग मी करत नाही. फेस उसळतो, टाळ्या पडतात, आणि वायू निघाला हे कोणाच्या गावीही नसतं. त्यापेक्षा बाटली आणि फुगा घ्या. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण 100 मिली व्हिनेगर आणि फुग्यात चहाचा चमचाभर खायचा सोडा. फुगा बाटलीच्या तोंडावर ताणून बसवायचा आणि मग उभा धरायचा. सोडा खाली पडतो, फुगा फुगायला लागतो. आता बाटली मुलाच्या हातात द्या. ती गार लागते, कारण ही अभिक्रिया उष्णता शोषून घेते. हे आपण सांगायच्या आत मुलंच सांगतात. कोणी बाटली गालाला लावतं, बोलता न येणारं मूल 'गार'चं चित्रकार्ड उचलतं. "वायू कुठे आहे?" विचारल्यावर बोट फुग्याकडे गेलं, की त्या दिवसाचा धडा झाला.

रबराच्या फुग्याची कोणाला अ‍ॅलर्जी नाही ना, हे आधी पालकांना विचारून घ्या. व्हिनेगरच्या वासाने काही मुलं कान-डोळे झाकून कोपऱ्यात जातात. तिथे सायट्रिक आम्लाचं द्रावण वापरा, त्याला वास नसतो. डाउन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांचे स्नायू सैल असतात, ड्रॉपर दाबणं त्यांना जड जातं. बिनसुईची मोठी सिरिंज द्या. चष्मा आणि एप्रन मात्र सगळ्यांना सारखाच, तुम्हालाही. सोळा वर्षांच्या मुलाशी बोबडं बोलू नका. त्याला ते कळतं.

नव्या शिक्षकाला सगळ्यात अवघड जातं ते गप्प बसणं. प्रश्न विचारला की मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. आपण घाईघाईने तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो, आणि मुलाच्या डोक्यात एकाचे दोन प्रश्न होतात. तरीही उत्तर आलं नाही तर आधी खूण, मग करून दाखवणं, आणि हात धरून करवून घेणं अगदी शेवटी, तेही त्याला चालत असेल तर.

समजलं की नाही हे तपासताना "कळलं का?" विचारण्यात अर्थ नाही. उत्तर "हो"च येतं. समोर तीन बाटल्या ठेवा, एकीवर धोक्याचं चिन्ह, आणि "हात न लावायची कोणती?" असं विचारा. एकदा बरोबर आलं म्हणून खूश होऊ नका. तिघांतून एक नुसत्या अंदाजानेही लागते, आणि काही मुलं नेहमी उजवीकडचीच उचलतात. जागा बदलून पुन्हा विचारा. लाल कडेचा चौकोन, आत काळं चित्र, ही चिन्हं संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत ठरलेली नऊच आहेत. त्यांतली ज्वाला, कवटी आणि हातावर सांडणारं द्रव ही तीन पुरेत. चिन्ह पाठ होतंय की बाटलीचा रंग, हे बघायला दर आठवड्याला बाटली बदला. निळ्या बाटलीवर बिनचूक ओळखणारं मूल पांढऱ्या बाटलीपुढे अडतं. अशा वेळी पुढे न जाता पांढऱ्या बाटलीवर तोच धडा पुन्हा घ्यायचा.