विकिपीडियावर नसलेल्या कर्तबगार बाईचं पान कसं तयार करावं

विकिपीडियावर पान नाही म्हणजे ती बाई मोठी नव्हती, असं कुणी तोंडाने म्हणत नाही. पण शाळेचा प्रकल्प करणारी पोरं, घाईतले पत्रकार आणि भाषणाच्या आदल्या रात्री माहिती शोधणारे प्रमुख पाहुणे सगळे तिथूनच उचलतात, त्यामुळे व्हायचं ते होतंच. इंग्रजी विकिपीडियावरच्या एकूण चरित्रांपैकी २०१५च्या सुमारास बायकांची चरित्रं जेमतेम १५-१६ टक्के होती. त्या वर्षी रोझी स्टीफन्सन-गुडनाइट आणि रॉजर बॅमकिन यांनी ‘विमेन इन रेड’ हा उपक्रम सुरू केला. ज्या नावाचं पान नसतं त्याचा दुवा लाल दिसतो. असे लाल दुवे निळे करायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम. इतकी माणसं इतकी वर्षं राबूनही आज ते प्रमाण २० टक्क्यांच्या आसपासच आहे. मराठी विकिपीडिया २००३पासून चालू आहे आणि तिथे नियमित लिहिणारे हात मोजकेच, तेव्हा लाल दुव्यांना काही तोटा नाही.

एखादं पान आपण करावं असं मनात असेल तर पुढे वाचा. एक आधीच सांगून ठेवतो: या कामातले चार आणे संगणकावर होतात, बारा आणे ग्रंथालयात. बहुतेक नवखे उलट्या टोकाने सुरुवात करतात आणि आठवडाभरात पान उडालं म्हणून रागावून निघून जातात.

१. आधी पुरावा बघा, मग नाव नक्की करा

विकिपीडियाची कसोटी ‘उल्लेखनीयता’ या नावाने ओळखली जाते. बाईंशी संबंध नसलेल्या लोकांनी, विश्वासार्ह ठिकाणी, त्यांच्याबद्दल चार ओळींपेक्षा जास्त काही छापलेलं असलं पाहिजे. त्यांचं स्वतःचं आत्मचरित्र, घरच्यांनी काढलेली गौरविका, त्यांच्याच संस्थेचं संकेतस्थळ यांतून जन्मतारीख, शिक्षण असले तपशील घेता येतात, पण केवळ त्यांच्या बळावर पान उभं राहत नाही.

ही कसोटी किती बोचरी ठरू शकते ते डॉना स्ट्रिकलंड यांच्या बाबतीत दिसलं. त्यांच्यावरचा इंग्रजी मसुदा मे २०१८मध्ये नाकारला गेला. कारण दिलं ते संदर्भ तोकडे असल्याचं. २ ऑक्टोबर २०१८ला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि मग धावपळ करून पान तयार झालं. त्याच शोधासाठी पारितोषिकात वाटेकरी असलेले जेरार मुरू यांचं पान मात्र आधीपासून होतं. मसुदा नाकारणाऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण वर्तमानपत्रांनी आणि नियतकालिकांनी बाईंबद्दल पुरेसं लिहिलेलंच नसेल, तर ते भगदाड विकिपीडियावर जसंच्या तसं उतरतं.

म्हणून किमान तीन स्वतंत्र संदर्भ हाताशी येईपर्यंत पान उघडू नका. तीन हा आकडा माझा, नियमातला नव्हे.

२. बाईंची सगळी नावं गोळा करा

पुरुषाचं नाव जन्मभर एकच राहतं, म्हणून त्याला शोधणं सोपं. बायकांचं तसं नाही. शिरूरच्या बाळूताई खरे यांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आलं, गदारोळ झाला, आणि लेखिका कोण याचा शोध सुरू झाला. पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. म्हणजे एकाच बाईसाठी ग्रंथालयातल्या सूचीचे तीन कप्पे उघडायचे. या तर नामवंत लेखिका. जुन्या सभांच्या वृत्तान्तात पुष्कळ जणींची नोंद ‘अमुक वकिलांच्या सौभाग्यवती’ एवढ्यावरच भागवलेली असते.

कागदावर यादी करा: माहेरचं नाव, सासरचं नाव, टोपणनाव, घरचं नाव, शिवाय ‘सोहोनी’ आणि ‘सोहनी’ असे लेखनातले फरक. ही यादी जपून ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

३. ग्रंथालयात जा

सुरुवात वाईच्या मराठी विश्वकोशापासून करावी. तो ऑनलाइन आहे. मग सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे चरित्रकोश. पण कोशांत ज्या सहज सापडतात त्यांची पानं बहुधा आधीच झालेली असतात. खरा माल नियतकालिकांत आहे. किर्लोस्करांचं ‘स्त्री’ मासिक १९३०ला सुरू झालं. त्याचे जुने बांधीव अंक ज्या ग्रंथालयात असतील तिथे एक दुपार बसलात तर डॉक्टर, मुख्याध्यापिका, कारखानदार बायकांचे परिचय हाती लागतील. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं स्त्री-अभ्यास केंद्र १९७४पासून आहे. ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८पासून बायकांच्या मुलाखती, छायाचित्रं, कागदपत्रं जपते आहे. घरबसल्या शोधायचं तर आर्काइव्ह डॉट ऑर्गवर स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तकं पुष्कळ आहेत, फक्त त्यांची शीर्षकं रोमन लिपीत आणि वाट्टेल तशी टंकलेली असतात.

पुनर्मुद्रणांच्या प्रस्तावना तर चुकवूच नका. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री पुरुष तुलना’ १८८२चं. ते विस्मरणात गेलं आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणलं. अशा आवृत्तीत संपादकाने बाईंविषयी धुंडाळून काढलेली माहिती असते आणि ती स्वतंत्र संदर्भ म्हणून चालते.

आता थोडं अवघड. पुण्या-मुंबईतल्या पांढरपेशा घरांतल्या बायकांनी आत्मचरित्रं लिहिली, त्यांच्यावर लेख आले, त्यामुळे त्यांचे संदर्भ सापडतात. जिने वस्तीत मुलींची शाळा चालवली किंवा मोर्चात तुरुंग भोगला, तिची आठवण अनेकदा फक्त माणसांच्या तोंडी उरलेली असते, आणि तोंडी आठवण विकिपीडियाला चालत नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गावोगाव गाठून, बोलतं करून १९८९मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं. जुलै १९४२मध्ये नागपूरला भरलेली दलित महिला परिषद, तिच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे, अशा कितीतरी नोंदींसाठी आज याच पुस्तकाकडे यावं लागतं. तुमच्या मनातल्या बाईंवर छापील काहीच नसेल तर विकिपीडिया बाजूला ठेवा. आधी त्यांची किंवा त्यांना ओळखणाऱ्यांची मुलाखत घ्या आणि एखाद्या मासिकात, दिवाळी अंकात छापून आणा. पान पुढे दुसरं कुणीतरी करेल.

स्वतःच्या आजीवर, आईवर, बाईंवर, म्हणजे शाळेतल्या, मात्र लिहू नका. कितीही संयमाने लिहिलंत तरी ते कळतं.

४. टिपण काढताना पान क्रमांक लिहा

लेखक, पुस्तक, प्रकाशन, वर्ष, पृष्ठ. मासिक असेल तर महिना आणि अंकही. शीर्षकपानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पृष्ठ क्रमांकासाठी पुन्हा एसटीने जिल्ह्याच्या गावी जाण्यापेक्षा हे बरं.

५. मसुदा धूळपाटीवर लिहा

खातं उघडलं की तुम्हाला स्वतःची ‘धूळपाटी’ करता येते. तिथे हवं ते खोडा, लिहा. आता खरी परीक्षा भाषेची, कारण आपल्याला गौरवपर लिहायची भारी सवय. कमला सोहोनींवरचा लेख हौशी लेखक असा सुरू करेल: ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात करून विज्ञानाच्या क्षेत्रात गगनभरारी घेणाऱ्या थोर विदुषी…’. हे सगळं काढा आणि लिहा: ‘कमला सोहोनी (१९११–१९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. १९३९मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली.’ मग पुढच्या परिच्छेदात, १९३३मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई असल्यामुळे प्रवेश नाकारला आणि नंतर अटी घालून घेतलं, हे संदर्भासह दोन सरळ वाक्यांत सांगा. वाचकाला राग यायचा तो येतोच, त्यासाठी विशेषणं लागत नाहीत.

‘पहिल्या महिला’ हे शब्द लिहिताना दोनदा थांबा. सोहोनींना विज्ञानातली पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणतात. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. १९३१मध्येच मिळाली होती. पदवी कोणती, विद्याशाखा कोणती, असं कोण म्हणतं, हे नेमकं लिहिलं की वाद उरत नाही.

आणि पहिल्या ओळीत ‘अमक्यांच्या पत्नी’ नको. सोहोनी या दुर्गा भागवतांच्या बहीण. हे सांगायलाच हवं, पण कौटुंबिक माहितीत. बाई हयात असतील तर संदर्भ नसलेला एकही तपशील ठेवू नका, पत्ता तर मुळीच नको.

विश्वकोशातला परिच्छेद उचलून डकवू नका, हे सांगायला नको होतं, पण सांगावं लागतं.

६. छायाचित्र

नसलं तरी चालतं. भारतात छायाचित्राचा स्वामित्वहक्क पूर्वी प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहायचा, २०१२च्या दुरुस्तीपासून तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या सामायिक साठ्यावर, चढवताना अमेरिकेतला कायदाही बघावा लागतो. घरच्यांकडे फोटोची प्रत आहे याचा अर्थ हक्क त्यांच्याकडे आहे असा होत नाही, तो सहसा फोटो काढणाऱ्याचा असतो. गूगलवरून उतरवलेला फोटो चढवलात तर तो काढला जातो.

७. पान प्रकाशित करा आणि एकटं सोडू नका

माहितीचौकट, म्हणजे पानाच्या कडेची ठळक तपशिलांची चौकट, भरा, विषयानुसार वर्ग जोडा. जपून ठेवलेल्या नावांच्या यादीतून प्रत्येक नावाचं पुनर्निर्देशन करा, म्हणजे ‘बाळूताई खरे’ शोधणारा थेट मालतीबाईंच्या पानावर येईल. बाईंचं गाव, संस्था, चळवळ यांच्या पानांवरून दुवे द्या. ‘येथे काय जोडले आहे’ उघडलं की पान अजून एकटं आहे का ते दिसतं. विकिडाटा या विकिपीडियाच्या जोडीच्या माहितीसाठ्यातही नोंद करा आणि तिथला लिंगाचा रकाना भरा. स्त्री-पुरुष चरित्रांची टक्केवारी तिथूनच काढली जाते, रकाना कोरा राहिला तर बाई त्या मोजणीतसुद्धा येत नाहीत.

पानावर ‘पानकाढा’ साचा, म्हणजे पान काढून टाकण्याची सूचना, लागली तर भांडू नका. चर्चापानावर जाऊन संदर्भ मांडा, चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, जाणत्यांना हाक मारा. तरीही पान गेलं तर मजकूर धूळपाटीवर ठेवून द्या आणि नवा संदर्भ मिळाला की पुन्हा मांडा. टेनेसीन या मूलद्रव्याच्या शोधात सहभागी असलेल्या क्लॅरिस फेल्प्स यांच्यावर ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेस वेड यांनी लिहिलेलं इंग्रजी पान २०१९मध्ये काढून टाकलं होतं. २०२०मध्ये ते परत आलं.