'गुन्हा समाजाला उपयोगी कसा?' हे उत्तर लिहिताना

पोरांनो, निम्मे पेपर 'डरखाइम हे थोर समाजशास्त्रज्ञ होते' असे सुरू होतात. तपासणाऱ्याला ते ठाऊक असतं. थेट मुद्द्यावर या: गुन्हा नाही असा समाजच नाही, म्हणून गुन्हा ही समाजातली सामान्य बाब, असं त्याने १८९५ मध्ये मांडलं. गुन्हेगाराला मोकळं सोडा असं तो म्हणत नाही, हेही तिथंच लिहून टाका.

मग एकच प्रसंग घ्या आणि तो नीट सोला. मी वर्गात लेडीज डब्याचा घेते. दादरला लोकल सुटता सुटता एक बाप्या एकीला धक्का मारत चढतो. तोवर चौथ्या सीटवरून भांडणाऱ्या दोघी एका सुरात ओरडतात, ''ओ भाऊ, लेडीज आहे!'' मेथी निवडणारीही मान वर करते. तो माटुंग्याला उतरतो, पण डबा सायनपर्यंत त्याच्यावरच बोलत असतो. नियम बाहेर रंगवलेला होताच, तो मोडल्यावर सगळ्यांना आठवला. सीमारेषा ठळक होणं आणि सामूहिक जाणीव (म्हणजे सगळ्यांच्या सामायिक समजुती) घट्ट होणं, ते हेच. हे गुन्ह्याचं पहिलं प्रकार्य, म्हणजे समाजासाठी तो करतो ते काम. शिक्षेचा परिणाम मुख्यतः सरळमार्गी माणसांवर व्हायचा असतो, हे डरखाइमचं म्हणणं इथं चपखल बसतं.

दुसरं प्रकार्य परिवर्तनाचं: आज गुन्हा ठरलेला विचार उद्या समाजाला मान्य होऊ शकतो. डरखाइम सॉक्रेटिसचा दाखला देतो. तो लिहाच, पण जोडीला टिळक द्या. १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा दिली, तेव्हा इथल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. आज त्याच कोर्टात टिळकांच्या त्या वेळच्या उद्गारांची पाटी आहे. असं उदाहरण घरात असताना गाइडमधलं कशाला उचलता?

समाजाने दिलेलं ध्येय आणि ते गाठायचे मार्ग यांवरून माणसांचे प्रकार पाडणारा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मर्टन (१९३८) तक्त्यात उरका: ध्येय मान्य की अमान्य, मार्ग मान्य की अमान्य. मुंबईत ध्येय म्हणजे स्वतःचं घर. हप्ते भरत राहणारा अनुरूप. लॉटरीच्या घरासाठी खोटा उत्पन्नाचा दाखला जोडणारा नवप्रवर्तक. घराची आशा सोडूनही कामावर जायची नऊ-बावन्नची लोकल न चुकवणारा कर्मकांडी. नशेत बुडालेला पलायनवादी. ध्येय-मार्ग दोन्ही बदलू पाहणारा बंडखोर.

टीकेला निदान एक परिच्छेद ठेवा, तिथं विद्यार्थी फारच कंजुषी करतात. उपयोग कुणाला? डबा एक झाला खरा, पण त्या बाप्याने जिला धक्का मारला तिला काय मिळालं? शिवाय परिणाम सांगितला म्हणजे कारण सांगितलं असं होत नाही. कायदा कुणाच्या सोयीने होतो, हा मार्क्सवाद्यांचा प्रश्नही इथंच येतो. पैशाचा फायदा नसताना पोरं तोडफोड का करतात, याला मर्टनकडे धड उत्तर नाही. समाजशास्त्रज्ञ कोहेनने १९५५ मध्ये ते प्रतिष्ठेच्या वैफल्यात, म्हणजे मान न मिळाल्याच्या चिडीत, शोधलं. पण कोहेन पंधरा मार्कांच्या प्रश्नातच घ्या. दहाच्या प्रश्नात त्याच्यापायी टिळक कापावे लागतील.