सिकलसेल बरा होतो का, आणि घरात काय सांभाळायचं

सुरगाणा, पेठ, कळवणकडे मुलाचा सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, रिपोर्ट हातात आला की आईबाप पहिलं हेच विचारतात, हा बरा होतो का. जनुकातला दोष गोळीने जात नाही, पण आजार गोळीने आटोक्यात राहतो. म्हणून बरं करण्याच्या शोधात वणवण करण्याआधी रोजचं औषध नीट लावून घ्या.

त्याआधी निदान पक्कं हवं. सोल्युबिलिटी या रक्ताच्या प्राथमिक चाचणीत दोष दिसला, तरी मूल वाहक (एएस, एकाच पालकाकडून दोष आलेलं) की ग्रस्त (एसएस, दोघांकडून दोष आलेलं) हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी रक्ततपासणी लागते. रक्त चढवलेलं असेल तर आधी सांगा. 3 महिने तरी रिपोर्ट फसवा येऊ शकतो. वाहकाला औषध लागत नाही.

ग्रस्त मुलाला डॉक्टर हायड्रॉक्सियुरिया हे रोजचं औषध देतात, साधारण किलोमागे रोज 10 ते 20 मिलिग्रॅम. 14 किलोच्या मुलाला 140 ते 280 झाले, आणि दुकानात बहुधा 500 ची कॅप्सूल मिळते. ती घरी उघडून अर्धी करू नका. माप चुकतं आणि पावडर हाताला लागते. कमी ताकदीचं औषध मागून घ्या. सुरुवातीला दर 2 ते 4 आठवड्यांनी, पुढे 2-3 महिन्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायचीच, कारण पांढऱ्या पेशी घटू शकतात. गुण यायला काही महिने लागतात. दुखणं थांबलं म्हणून गोळी बंद करणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

थंडी आणि पाण्याची कमतरता यांनी कळा उठतात. डिसेंबर-जानेवारीत द्राक्षबागेत कामाला निफाड-दिंडोरीकडे जाताना पोराला पहाटेच्या गारठ्यात बांधावर बसवू नका. कानटोपी, मोजे, आंघोळीला गरम पाणी आणि तहान नसली तरी दर तासाला थोडं पाणी.

पाणथरी, म्हणजे प्लीहा, तपासायला डॉक्टरांकडून शिकून घ्या. मूल उताणं झोपवून डाव्या बरगडीखाली बोटं हलकेच दाबायची. तिथे एकाएकी गोळा वाढला आणि ओठ, तळवे पांढरे पडले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. 101 अंश ताप, धाप किंवा छातीत दुखणं, यालाही तसंच.

कायमचं बरं करणारा रुळलेला उपाय अस्थिमज्जा प्रत्यारोपण. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता प्रत्येकी 25 टक्के. वाहक भावंडही देऊ शकतं. अवयव खराब होण्याआधी, लहानपणीच विचारा. धोका मोठा आहे, तोही स्पष्ट विचारून घ्या. जनुक संपादनाच्या कॅसजेव्ही उपचाराला अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये 12 वर्षांपुढच्यांसाठी मान्यता मिळाली, पण तिथली किंमत 22 लाख डॉलर.

या दोन्हींत मज्जा बदलते, बीजपेशी (शुक्राणू, अंडं) नाहीत. बरा झालेला माणूसही दोष मुलांना देतो. म्हणून लग्नाआधी दोघांची तपासणी करा. दोघं वाहक असतील तर दर गरोदरपणात मूल ग्रस्त होण्याचा 25 टक्के धोका असतो. गर्भाला आजार आहे का हे पाहायला वारेचा नमुना 11 ते 13 आठवड्यांत घेतात, तेव्हा दिवस राहिल्याचं कळताच नाव नोंदवा. पाचव्या महिन्यात गेलात तर ही तपासणी हुकलेली असते.