पावसाळ्याआधी दुकानाचा आपत्ती आराखडा कसा तयार करावा

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्यात मात्र १०० मिलिमीटरही पाऊस झाला नाही. त्यामुळे शहरात पाऊस किती पडेल यापेक्षा आपल्या गाळ्यापर्यंत पाणी कोठून आणि किती वर येते, हे जाणून घेण्यापासून आराखड्याची सुरुवात करावी.

शेजारच्या जुन्या दुकानदारांकडे व इमारतीच्या पहारेकऱ्याकडे चौकशी करून पाण्याची आजवरची सर्वाधिक पातळी भिंतीवर रंगाने नोंदवावी. त्या रेषेच्या किमान वीतभर वर पहिली फळी, संगणक आणि विजेचे सॉकेट असावेत. सॉकेट वर घेण्याचा खर्च किरकोळ असतो, तरीही बहुतेक गाळ्यांत ते घोट्याच्या उंचीवरच राहते. मीटर पेटी तळमजल्यावर असेल, तर मेन स्विच कोणी बंद करायचा हे आधीच ठरवावे आणि पाणी आत शिरल्यानंतर त्या पेटीजवळ कोणीही जाऊ नये.

दुसरे काम कागदपत्रांचे आहे. माल पुन्हा भरता येतो, परंतु कोणाकडे किती उधारी आहे याची वही भिजली, तर ते पैसे बहुधा कायमचे जातात. उधारीच्या वहीच्या पानांची छायाचित्रे दर आठवड्याला काढावीत, हिशेबाच्या संगणकीय नोंदींची एक प्रत घरी पेनड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर ठेवावी. भाडेकरार, उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी नोंदणी आणि विमा पॉलिसी यांच्या प्रतीही तेथेच असाव्यात.

विम्याकडे मात्र अधिक बारकाईने पाहावे लागते. १ एप्रिल २०२१ पासून लहान व्यवसायांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. एका ठिकाणच्या ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ती घेता येते आणि तिच्यात आगीबरोबर पुराचेही संरक्षण असते. अडचण येते ती विमा रकमेत. २० लाखांच्या मालाचा विमा हप्ता वाचवण्यासाठी १० लाखांचाच उतरवला आणि ४ लाखांचे नुकसान झाले, तर भरपाई त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे २ लाखच मिळू शकते. दिवाळीपूर्वी किंवा लग्नसराईत साठा वाढतो, तेव्हा ही रक्कम पुन्हा तपासावी. दुकान बंद राहिल्याने बुडालेला नफा मूळ पॉलिसीत धरलेला नसतो, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि एजंट ही गोष्ट आपणहून सांगेलच असे नाही.

नुकसान झाल्यास आवरायला घाई करू नये. पाण्याची खूण, भिजलेला माल आणि यंत्रांचे क्रमांक दिसतील अशी छायाचित्रे काढून विमा कंपनीला ताबडतोब कळवावे, पंचनाम्याची प्रत मागावी आणि सर्वेक्षक पाहणी करून जाईपर्यंत खराब माल फेकू नये. चांगला माल वेगळा काढून सुकवण्यास हरकत नाही, किंबहुना नुकसान वाढू न देणे हे विमाधारकाचे कर्तव्यच असते.

यानंतर माणसांचा विचार करावा. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की पर्जन्यजलवाहिन्यांतील पाणी समुद्रात उतरू शकत नाही आणि सखल भागात तुंबते. म्हणून पावसाळ्यातील ४.५ मीटरहून उंच भरतीच्या तारखा दुकानातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. हवामान खात्याचा रेड अलर्ट आणि अशी भरती एकाच दिवशी असेल, तर दुपारीच दुकान बंद करण्याचा निर्णय कोण घेईल, हेही ठरलेले असावे. मालक फोनवर सापडत नाही म्हणून कारागीर शीव-कुर्ल्यादरम्यान लोकलमध्ये अडकून पडणे टाळता येते. दुसरी किल्ली दुकानापासून चालत येता येईल अशा विश्वासू माणसाकडे द्यावी. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ हा क्रमांक दर्शनी भागी लावावा. तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोस्पायरोसिस या संसर्गजन्य तापाची भीती असते, त्यांना ताप येण्याची वाट न पाहता ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे पाठवावे.

शेवटी एका पानावर पुन्हा सुरू करण्याचा क्रम लिहावा: पहिल्या दिवशी वायरमनकडून तपासणी, ग्राहकांना संदेश आणि अर्धवट राहिलेल्या ऑर्डरी, बाकीचे नंतर. पर्यायी पुरवठादार शक्यतो दुसऱ्या भागातला निवडावा, कारण एकाच बाजारातले दोघे एकाच पाण्यात बुडतात. जूनच्या आधी एका संध्याकाळी, मालकाने बाजूला उभे राहून, हे पान नोकरांच्या हाती द्यावे आणि कोणाला न विचारता त्यांना काय काय करता येते ते पाहावे.