कमाडो शेगडीची जाळी वर उचलायची कशी आणि किती

कोंबडीच्या तंगड्या खालून काळ्या पडल्या, वरची कातडी फिकट आणि वातड, आणि हाडाशी सुरी घातली तर लालसर पाणी. कमाडोवर, म्हणजे झाकणाच्या जाड सिरॅमिक शेगडीवर, सुरुवातीला हे हमखास होतं. मग बहुतेक जण खालचं हवेचं दार आणखी थोडं लोटतात. त्याने सगळीच आच मंदावते, पण खालून किती आणि वरून किती हा हिशोब तसाच राहतो. पदार्थ आता उशिरा करपतो, एवढाच फरक पडतो. हा हिशोब बदलायचा तर जाळीच उचलावी लागते.

अंड्याच्या आकाराच्या या जाड सिरॅमिक शेगडीत पदार्थाला दोन बाजूंनी धग लागते. खालून निखाऱ्यांची, आणि वरून तापलेल्या घुमटाची, म्हणजे झाकणाची, व त्याखाली कोंडलेल्या गरम हवेची. कंपनीने दिलेली जाळी आतल्या कड्यावर, म्हणजे फायर रिंगवर बसते आणि तिथे निखाऱ्यांची धग वरचढ असते. जाडजूड मटण चॉप, भरताचं वांगं, कणीस यांना हीच जागा योग्य. वांग्याची साल जळायलाच हवी, त्यासाठी जाळी उचलू नये. पण जाळी शेगडीच्या काठाच्या, म्हणजे झाकणाखालच्या फेल्टच्या पट्टीच्या पातळीला आणली की निखाऱ्यांची थेट धग बरीच उतरते, घुमट जवळ येतो आणि दोन्ही बाजू जवळपास सारख्या वेगाने शिजू लागतात. आपल्याकडच्या मॅरिनेशनला ही जागा फार मानवते. दही, आलं-लसूण, लाल तिखट आणि चिमूटभर साखर लावलेला तुकडा खालच्या जाळीवर पाच-सात मिनिटांत कडू होतो. वरच्या जाळीवर तोच मसाला सुकतो, तांबूस होतो आणि आतलं मांस शिजेपर्यंत टिकतो. सुरमईच्या तुकड्यांचंही तेच.

काही करण्याआधी तीन मापं घ्या. शेगडी थंड असताना नेहमीच्या जाळीपासून काठापर्यंतची उंची मोजा, काठापाशी आतला व्यास मोजा, आणि झाकणातून आत येणाऱ्या थर्मामीटरच्या दांडीचं टोक काठापासून किती वर राहतं ते पाहा. दांडीचं माप घ्यायला झाकण बंद हवं. म्हणून जाळीवर चुरगळलेल्या कागदाचा उंच बोळा ठेवून झाकण हळूच लावा आणि उघडा. दांडी जिथे रुतली तिथपर्यंतची उंची मोजा. ४६ सेंमी जाळीच्या शेगड्यांवर साधारण ७५ ते १०० मिमी उचललं की काम होतं. काठाच्या पातळीला किंवा त्याच्या एखादा सेंटिमीटर वर जाळी आली की थांबा. त्याहून वर नेली तर मोठी कोंबडी घुमटाला टेकते आणि हवा फिरायला जागा उरत नाही.

भट्टीच्या विटा

आजच्या आज करून पाहायचं असेल तर हा मार्ग. भट्टीसाठी वापरतात ती फायर ब्रिक आपल्याकडे २३० × ११५ × ७५ मिमीची मिळते. दोन विटा मधोमध कापून घ्या. तीन अर्ध्या विटा नेहमीच्या जाळीवर कडेकडेने, एकमेकींपासून सारख्या अंतरावर आडव्या ठेवा आणि त्यांवर दुसरी जाळी टेकवा. ७५ मिमी उंची मिळते. उभ्या ठेवल्या तर ११५ मिमी, पण मग धक्का लागला की डुलतात. विटा मधे ठेवू नका. त्यांच्या सावलीत आच पोचत नाही आणि तिथले तुकडे मागे राहतात.

घर बांधून उरलेली लाल वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक वापरायचा नाही. त्यात मुरलेलं पाणी वाफ होऊन फुटायला बघतं आणि ठिकऱ्या उडतात. भट्टीच्या विटांतही एक हलकी, पांढरी, नखाने कुरतडता येणारी जात असते. ती उष्णता अडवण्यासाठी असते, तिचा भुगा अन्नात पडतो. जड, पिवळसर, टणक वीट मागा. वीट भिजली असेल तर आधी मंद आचेवर अर्धा-पाऊण तास सुकवून घ्या.

विटांचा दोष असा की त्या उष्णता पितात. शेगडी तापायला दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात, आणि गरम असताना मधेच कोळसा घालायचा तर तीन तापलेल्या विटा उचलून ठेवायच्या कुठे हा प्रश्न पडतो. टुनाचे किंवा गुलाबजामचे रिकामे डबे पाय म्हणून ठेवतात काही जण. आतला लेप आणि बाहेरचा रंग दोन्ही जळतात, तो धूर जेवणाला लागतो. शीतपेयाचे ॲल्युमिनियमचे कॅन तर मुळीच नकोत.

बोल्टचे पाय लावलेली जाळी

कायमचा, स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी उपाय हाच आहे, म्हणून यावर थोडा वेळ द्या.

दुसरी जाळी स्टेनलेस स्टीलचीच हवी. ४६ सेंमीच्या शेगडीला ४० ते ४४ सेंमी व्यासाची बसते. अमेरिकेत असाल तर लहान केटल ग्रिलची साडेसतरा इंची सुटी जाळी सरळ चालते. इथे फॅब्रिकेशनवाल्याकडून ६ मिमी सळईची, १२ ते १५ मिमी फटीची गोल जाळी करून घ्या. ‘एसएस ३०४’, म्हणजे ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील, असं स्पष्ट सांगा. जुन्या फ्रिजची जाळी भंगारात स्वस्त मिळते, पण तिच्यावरचा मुलामा आगीवर ठेवण्याजोगा नसतो.

हार्डवेअरच्या दुकानातून एम-६ जाडीचे, १०० मिमी लांबीचे, षटकोनी डोक्याचे चार स्टेनलेस बोल्ट आणा. ‘फुल थ्रेड’ मागायला विसरू नका. अर्धवट आटे असलेल्या बोल्टवर नट वरपर्यंत चढतच नाही आणि हे घरी आल्यावर लक्षात येतं. सोबत १२ साधे नट आणि २५ ते ३० मिमी बाहेरच्या व्यासाचे १२ मोठे वॉशर. नट-वॉशर दोन-तीन जास्त घ्या, गवतात पडलेला वॉशर सापडत नाही. अमेरिकेत याच मापाला पाव इंच जाड, चार इंच लांब बोल्ट आणि ७/१६ चा पाना लागतो. आपल्या एम-६ ला १० नंबरचा.

दोन गोष्टी दुकानातच नाकारायच्या. पहिली, जस्ताचा मुलामा दिलेले चकचकीत किंवा पिवळसर झाक असलेले बोल्ट. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, निखाऱ्यांजवळचं लोखंड तिथवर सहज पोचतं, आणि जस्ताचा धूर छातीत जाणं वाईट. जस्ताचा बोल्ट कुठला आणि स्टेनलेसचा कुठला हे कळत नसेल तर चुंबक लावून बघा. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, चिकटलाच तर अगदी हलका. दुसरी, नायलॉक नट. त्याच्या आत नायलॉनचं कडं असतं, ते पहिल्याच आगीत वितळून मांसाखाली टपकतं.

जोडणी अशी. जाळी सतरंजीवर ठेवा आणि कडेपासून साधारण ५ सेंमी आत, घड्याळाच्या २, ४, ८ आणि १० वाजण्याच्या जागी खडूने खुणा करा. बोल्टला एक वॉशर घाला आणि जाळीच्या फटीतून वरून खाली सोडा. डोकं वर राहिलं पाहिजे, म्हणजे चिमटा फिरवताना हाताला आट्यांचं टोक लागत नाही. खालून दुसरा वॉशर आणि नट लावून सळया दोन वॉशरांमध्ये घट्ट पकडा. आता बोल्टच्या खालच्या टोकाला पाय करायचा. एक नट, वॉशर, आणि खाली पुन्हा नट. शेवटचा नट बोल्टच्या टोकाशी सपाट येऊ द्या. हा मोठा वॉशर नसेल तर नुसता बोल्ट खालच्या जाळीच्या फटीत घसरतो आणि वरची जाळी एका बाजूला कलंडते. साधारण ९० मिमी उंची मिळते. कमी हवी असेल तर बोल्ट हॅकसॉने कापा, किंवा सुरुवातीलाच ८० मिमीचे घ्या.

इथे घाई नको. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर वेगाने फिरवला की आटे एकमेकांना धरतात. आधी नट किंचित जड फिरू लागतो, बोटाला ऊब जाणवते, मग एक बारीक किरकिर येते आणि नट जागच्या जागी जाम. पुढेही जात नाही, मागेही येत नाही, आणि जोर केला तर बोल्टच पिरगळून तुटतो. ड्रिल मशीन बाजूला ठेवा. आट्यांना खाण्याच्या तेलाचं एक बोट लावा, पान्याने सावकाश फिरवा, आणि नट जड लागताच अर्धा फेरा मागे घेऊन पुढे न्या.

पाय चार की तीन? तीन पाय कधी डुगडुगत नाहीत, पण कडेला जड कोंबडी ठेवली की जाळी त्या बाजूला उलटते. चारच बरे. सपाट फरशीवर ठेवून कोणता पाय अधांतरी आहे बघा आणि त्याचे खालचे नट एखादा फेरा फिरवून टेकवा.

तयार रॅक

कमाडो जो कंपनीच्या बऱ्याच शेगड्यांबरोबर ‘डिव्हाइड अँड कॉन्कर’ नावाचा चौकटीचा संच येतो. त्यात अर्धचंद्राच्या दोन जाळ्या वेगवेगळ्या उंचीवर लावता येतात. एकीकडे खाली कणसं आणि दुसरीकडे वर कोंबडी, हे एका वेळी जमतं. बिग ग्रीन एग कंपनीचा ‘एगस्पँडर’ असाच बहुमजली रॅक आहे. आठवड्याला दोनदा शेगडी पेटत असेल तर पैसे वसूल होतात. महिन्यातून एकदा पेटणाऱ्या शेगडीला बोल्टची जाळी पुरेशी आहे.

तीन पायांची सिरॅमिक तबकडी पाय वर करून ठेवली आणि पायांवर जाळी टेकवली तरी जाळी काठाच्या पातळीला येते. पण निखारे आणि पदार्थ यांच्यामध्ये तबकडी आल्याने खालची थेट धग जवळजवळ संपते. ते भाजणं राहत नाही, भट्टीतलं शिजवणं होतं. मटणाच्या मोठ्या रानेसाठी, म्हणजे अख्ख्या मांडीसाठी, ते उत्तम, पण कातडी कुरकुरीत करायची असेल तर उघड्या निखाऱ्यांवरची उंच जाळीच हवी.

पिझ्झ्याला मात्र तबकडीही हवी आणि उंचीही. तबकडी पाय वर करून, पायांवर जाळी, जाळीवर २ ते ३ सेंमीचे तीन सिरॅमिक किंवा विटेचे तुकडे, आणि त्यांवर पिझ्झा भाजायचा दगड. तुकड्यांमुळे दगडाखाली हवेची फट राहते आणि तळ करपत नाही, शिवाय दगड घुमटाजवळ जातो म्हणून वरचं चीज वेळेत वितळतं. झाकणाच्या थर्मामीटरवर २७५ ते ३०० अंश, आणि दगड किमान ४० मिनिटं तापलेला. तळ काळा आणि वर पांढरं असेल तर दगड आणखी २ सेंमी उचला, आच कमी करू नका.

पहिली आग

रिकामी उंच जाळी ठेवून झाकण थंड असतानाच हळूहळू लावून बघा. झाकण मागच्या बिजागरीवर फिरतं, त्यामुळे जाळी मागे सरकलेली असेल तर तिथेच आधी घासतं. सगळीकडून किमान एक सेंटिमीटर मोकळं हवं. मग लाकडाचा लोणारी कोळसा शेगडीतल्या कोळशाच्या भांड्याच्या काठापर्यंत भरून पेटवा आणि कोंबडीविना अर्धा तास २०० अंशांवर जाळी तापवा. नवीन स्टीलवरचं तेल-पॉलिश जळून जातं.

सवा ते दीड किलोची कोंबडी पाठीचा कणा कापून सपाट करा. कातडीची बाजू वर, झाकणावर १९० ते २०० अंश. ५० ते ६० मिनिटांत छातीच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश यायला हवेत. उलटायची गरज नाही. वीस मिनिटांनी खालची बाजू पाहा. ती आत्ताच गडद असेल तर कोळसा जास्त भरला आहे, पुढच्या वेळी तीन बोटं कमी भरा. कोळसा जळून खाली बसतो तसं निखाऱ्यांपासूनचं अंतर वाढत जातं, म्हणून एका आगीवर पाठोपाठ दोन कोंबड्या केल्या तर दुसरीला जास्त वेळ लागतो.

उंच जाळीची सर्वांत फसवी चूक थर्मामीटरची. कोंबडीची छाती घुमटातल्या दांडीला टेकली की काटा हवेचं नव्हे, गार मांसाचं तापमान दाखवतो. १२० दिसतं, तुम्ही खालचं दार पूर्ण उघडता, आणि आत खरे २६० झालेले असतात. काटा अचानक पडला तर दाराला हात लावण्याआधी झाकण किंचित उचलून दांडी कशात रुतली नाही ना ते बघा.

झाकण उघडण्याची शिस्तही आता जास्त पाळायला हवी. दारं बरीच बंद असताना आत प्राणवायू कमी असतो. झाकण एकदम उघडलं तर हवा आत घुसून भडका उडतो, आणि उंच जाळीवर वाकणाऱ्याचा चेहरा त्याच्या जास्त जवळ असतो. आधी तीन-चार सेंटिमीटर उचला, चार-पाच सेकंद थांबा, पुन्हा थोडं, मग पूर्ण. लांब बाह्यांचा हातमोजा घाला.

पदार्थ जाळीच्या कडेबाहेर लोंबू देऊ नका. त्याची चरबी फेल्टच्या पट्टीवर गळते, पट्टी ती पिते आणि पुढच्या मोठ्या आगीत जळून जाते. मग झाकणाच्या फटीतून धूर येऊ लागतो आणि मंद आच टिकत नाही.

तापणं-थंड होणं यात नट थोडे सैल पडतात. दर चार-पाच वापरांनंतर जाळी थंड असताना उलटी करा, चारही पाय पान्याने तपासा आणि वॉशरखाली साठलेली जळकी चरबी तारेच्या ब्रशने काढा. ब्रशची तुटलेली तार सळईत अडकलेली राहते, म्हणून शेवटी ओल्या फडक्याने जाळी पुसून घ्या.