स्वतःचं काम करताय? मग स्वतःची लेव्ही कापा

मी एसी मेकॅनिक. कोपरखैरणेत राहतो, काम ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत. ही चार पानं लिहितोय ती आयटीआय करून नोकरीऐवजी स्वतःची बॅग खांद्याला लावणाऱ्या पोरांसाठी. शिवणकाम, प्लंबिंग, ट्यूशन करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. गावाकडून आले तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं, पण 1969 चा माथाडी कायदा होता आणि बोर्ड होतं. व्यापारी मजुरी देतो, तिच्यावर टक्केवारीने लेव्ही बोर्डात भरतो, आणि त्या लेव्हीतून हमालाचा फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार निघतो. वडिलांना पोत्यामागे हातात पडायचं ते थोडंच, पण म्हातारपण बोर्डाने सांभाळलं.

माझ्या-तुमच्या मागे असलं बोर्ड नाही. मालक आपण, हमाल आपण, तेव्हा बोर्डही आपल्यालाच व्हावं लागतं. नवा पोरगा इथेच चुकतो. मे महिन्यात दिवसाला तीन-चार सर्व्हिस मारल्या की त्याला वाटतं सगळी कमाई आपली. त्यातला मोठा हिस्सा जुलैचा असतो, दुखणाऱ्या गुडघ्याचा असतो, पुढल्या वर्षी घ्यायच्या व्हॅक्यूम पंपाचा असतो.

माझी पद्धत सांगतो. बिलातून आधी सामानाचे पैसे बाजूला. उरलेल्या दर शंभरातले तीस त्याच संध्याकाळी दुसऱ्या बँकेतल्या खात्यात. त्या खात्याचं यूपीआय फोनवर ठेवायचंच नाही. तिसातले दहा हत्यारं आणि स्कूटरसाठी, दहा पावसाळ्यासाठी, पाच मेडिक्लेम आणि अपघात विम्यासाठी, पाच पीपीएफमध्ये. पीपीएफ पंधरा वर्षांचं असतं, मध्ये सहजी हात घालता येत नाही, हाच त्याचा गुण. घरखर्चाला दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली एकच रक्कम, मे असो की ऑगस्ट. ती रक्कम बायकोने ठरवली. मी ठरवली असती तर सीझनमध्ये वाढली असती.

पण हे तीस रुपये निघायचे तर भावातच धरलेले हवेत. म्हणून भाव लावताना शेजारचा मेकॅनिक किती घेतो हे शेवटी बघा. आधी मांडा: येण्या-जाण्याचा वेळ, गेटवर नोंद होईपर्यंतचा वेळ, दोन ते चार सोसायटीत ठोकाठोकी बंद म्हणून रिकामी गेलेली दुपार. नोकरीतला मित्र म्हणतो, तासाभराचे सहाशे, मजा आहे तुझी. त्याला तो तास दिसतो, बाकीची दुपार दिसत नाही.

व्हिजिट चार्ज फोनवरच सांगायचा. नेरुळच्या एक काकू म्हणाल्या, "अहो दादा, नुसतं बघायचे साडेतीनशे?" म्हटलं, "काकू, काय बिघडलंय ते शोधणं हेच खरं काम. दुरुस्ती माझ्याकडून केलीत तर बिलातून वजा करीन." त्या आजही मलाच बोलावतात. ज्यांनी फोन ठेवला त्यांचं वाईट वाटून घेत नाही, तेवढं पेट्रोल वाचलं.

स्क्रू काढायच्या आधी आकडा. "बघू, होईल कमी-जास्त" हे वाक्य तोंडातून काढूच नका. दोष काय, सामान किती, मजुरी किती, गॅरंटी कशाची आणि किती दिवस, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायचं आणि समोरून "ओके" आलं की मगच काम. काढलेला कपॅसिटर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. जुना एसी उतरवत असाल तर तांब्याचा पाईप कोणाचा तेही आधीच बोला. तांब्याला भाव आहे, आणि भांडणं मजुरीपेक्षा या भंगारावरून जास्त होतात.

आता गॅसबद्दल, कारण आमच्या धंद्यात इमान तिथेच कळतं. फोनवर निम्मे लोक सांगतात, "गॅस संपलाय, भरून द्या." एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद पाईपात तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस मारला की गार हवा येते, पैसे मिळतात, आणि दोन-तीन महिन्यांनी परत तेच गिऱ्हाईक. सोपी कमाई वाटते. पण तिसऱ्यांदा तो दुसऱ्याला बोलावतो, आणि तो दुसरा तुमचं नाव सोसायटीच्या ग्रुपवर पोचवतो. नायट्रोजनचं प्रेशर द्या, साबणाचं पाणी लावा, जॉइंट ब्रेझ करा म्हणजे टॉर्चच्या ज्योतीने तापवून जोडा, पंपाने पाईपातली हवा ओढून व्हॅक्यूम घ्या, मग गॅस. वेळ जास्त जातो, त्याचे पैसे मागा. खाडीलगतच्या इमारतींत तर तांबं काळं पडतं आणि कॉइललाच बारीक भोकं पडतात. तिथे सरळ सांगायचं की जोडकाम टिकणार नाही, कॉइल बदला. आर-32 हा एसीतला गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे आत गॅस असताना ब्रेझिंगचा टॉर्च लावायचा नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

घाईवरून आणखी एक. एसीचं आउटडोअर युनिट खिडकीच्या ग्रिलबाहेर असेल तर सेफ्टी बेल्टशिवाय पाय टाकायचा नाही. "पाच मिनिटांचं तर काम आहे, आधीचा मेकॅनिक असाच उतरायचा" असं ऐकवणारे भेटतातच. अशा वेळी मी बॅग बंद करतो. व्हिजिट चार्जही सोडतो, वाद घालत नाही.

ऑफिसची कामं, महापे-रबाळे पट्ट्यातली, दिसायला मोठी पण पैसा उशिरा. आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करा. सरकारी साइटवर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. 2006 च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15. पुढे चक्रवाढ व्याज लागतं. मी व्याज कधी मागितलं नाही, पण बिलावर उद्यम नंबर छापल्यापासून अकाउंटवाले फोन उचलतात. जीएसटीचं म्हणाल तर नुसत्या सेवेला वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. वर्षभर बिलं जपून ठेवा, सीए विचारतोच.

राहिली रजा. आमच्या गावची जत्रा चैत्रात येते, म्हणजे ऐन सीझनमध्ये. घणसोलीच्या एका मेकॅनिकशी माझं ठरलंय: मी गावी गेलो की माझे कॉल त्याच्याकडे, त्या कामाचा पूर्ण पैसा त्याचा, पण त्याने स्वतःचा नंबर द्यायचा नाही, पुढचा कॉल माझा. त्याची जत्रा वैशाखात, तेव्हा उलटं. गिऱ्हाइकांना आठवडाभर आधी मेसेज जातो. बसचं तिकीट आणि घरच्यांचे कपडे त्या दुसऱ्या खात्यातून.